आयर्लंडमधल्या छोट्या गावांच्या मेन स्ट्रीटवर इतकी दुकानं बंद का दिसतात?

तुम्ही विचारलंय की डब्लिनहून वेस्टपोर्टला जाताना वाटेतल्या एका गावात जेवायला थांबलात, तर भर चौकातली कितीतरी दुकानं बंद. देश एवढा श्रीमंत, मग गावांवर ही अवकळा का? माणसं गाव सोडून गेली का?

माणसं गेलेली नाहीत. मी त्याच रस्त्यावरच्या बॅलाहडेरीनजवळ राहते. आमच्या रॉसकॉमन काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, लोकसंख्या २०१६ मध्ये ६४,५४४ होती, ती २०२२ मध्ये ७०,२५९ झाली. २०२२च्या जनगणनेत तर आयर्लंडने पन्नास लाखांचा आकडा ओलांडला, १८५१ नंतर पहिल्यांदाच. तरीही डोनेगॉलमधल्या बॅलीबोफेसारख्या गावात व्यापारी इमारतींपैकी जवळपास तिसरा हिस्सा रिकामा असल्याची नोंद झाली आहे. देशभराचं प्रमाण साधारण १४ टक्के आहे. माणसं वाढली आणि दुकानं बंद पडली, या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या, कारण माणसं मेन स्ट्रीटवर राहायची थांबली.

इथली जुनी इमारत कशी असते ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. आपल्याकडच्या जुन्या पेठेतल्यासारखं, पुढे दुकान, वर बिऱ्हाड, मागे लांबलचक परसू. दारावर घराण्याचं आडनाव रंगवलेलं. वर जायचा जिना बहुतेक वेळा दुकानातूनच, गल्ल्याच्या मागून. कुटुंब वर राहायचं तोवर यात काहीच अडचण नव्हती. पुढे हातात पैसा आला तसा मुलांनी गावाबाहेर स्वतःच्या जमिनीवर बंगला बांधला. अशी सुटी, शेतात एकटी उभी घरं आज देशातल्या एकूण घरांच्या जवळपास पाव हिस्सा आहेत. वरचा मजला आधी अडगळीचा झाला, मग तिथे ओल शिरली. शेवटी म्हातारा दुकानदार गेला आणि खालचं दारही बंद झालं. आता वरचा मजला भाड्याने द्यावा म्हटलं तरी भाडेकरूने आत शिरायचं कुठून? वेगळं दार पाडा, वेगळा जिना काढा, आगीच्या नियमांप्रमाणे भिंती आणि छत करून घ्या, दगडी भिंतींची ओल काढा. हा खर्च पुष्कळदा इमारतीच्या किमतीच्या वर जातो.

बंगल्यात राहायला गेलेला माणूस दुधाच्या पिशवीलाही गाडी काढतो. एकदा गाडीत बसलाच की तो गावाच्या कडेला, फुकट पार्किंग असलेल्या सुपरमार्केटकडेच वळतो. त्याला दोष देता येत नाही, मीही तिथेच जाते.

त्यात गावात यायची कारणंही एकेक करून काढून घेतली गेली. बॅलाहडेरीनची रेल्वे १९६३ मध्येच बंद झाली. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत देशातली १३९ गार्डा स्टेशनं, म्हणजे पोलीस ठाणी, बंद केली. २०१८ मध्ये १५९ पोस्ट ऑफिसं बंद होणार असं जाहीर झालं. २०२१ मध्ये बँक ऑफ आयर्लंडने देशातल्या ८८ शाखा बंद केल्या, आणि अल्स्टर बँक तर २०२३ मध्ये देशातूनच गेली. इथे शुक्रवार हा पेन्शनचा दिवस. पेन्शन घ्यायला आलेली आजी पोस्टातून निघून खाटकाकडे जायची, तिथून केस सेट करायला, मग मैत्रिणीबरोबर चहाला. पोस्टाला टाळं लागलं की या तिघांचंही गिऱ्हाईक तुटतं. सरकारी हिशेबात मात्र फक्त पोस्टाचा खर्च वाचलेला दिसतो, आणि याचा मला खरोखर राग येतो.

बायपासमुळे गाव मेलं असंही तुम्हाला कोणी सांगेल. बॅलाहडेरीनचा बायपास २०१४ मध्ये झाला. वाटसरूंचं गिऱ्हाईक कमी झालं हे खरं, पण चौकातून दिवसभर ट्रक घरघरत होते तेव्हा तिथे कोणाला राहावंसं वाटणार होतं? बायपास मला तरी वरदान वाटतो, फक्त त्याचा फायदा घ्यायचं राहून गेलं.

गावकऱ्यांच्या नजरेने पाहिलं तर हे नुसतं व्यापाराचं नुकसान नाही. इथे अंत्ययात्रा मेन स्ट्रीटवरून जाते तेव्हा दुकानदार शटर अर्धं खाली ओढतात, दिवे मालवतात आणि दारात येऊन उभे राहतात. गावात नवीन असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि या गावाबद्दल मला आपलेपणा वाटू लागला. दारात उभं राहायला दुकानदारच नसेल तर ही रीत तरी कुठून टिकणार?

आता उपायांचं. २०१३ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना काउंटीत जी-८ परिषद होती, तेव्हा बंद दुकानांच्या काचांवर भरल्या दुकानांची चित्रं चिकटवली होती. आमच्याकडे निदान तसं नुसतं रंगकाम चाललेलं नाही. २०१८ मध्ये रिकाम्या दुकानाचं घर करायला अनेक बाबतींत नियोजन परवानगीची अट काढली. २०२२ मध्ये गावांचे मध्यभाग आधी, असं धोरण आलं. त्याच वर्षी क्री कोनीहा योजनेतून जुनी रिकामी घरं दुरुस्त करायला अनुदान सुरू झालं, आणि २०२३ पासून ते रिकाम्या घराला ५०,००० आणि पडक्या घराला ७०,००० युरोपर्यंत मिळू लागलं. योजना चांगली आहे. पण पैसे काम पूर्ण झाल्यावर हातात यायचे, त्यामुळे ज्याच्याकडे आधीच शिल्लक होती त्यालाच ती पेलली.

मालकांवरही दडपण हवं. वारस बॉस्टनला किंवा डब्लिनला, आपसात एकमत नाही, आणि इमारत नुसती ठेवून द्यायला फारसा खर्च येत नाही, म्हणून ती तशीच पडून राहते. पडक्या जागेच्या बाजारभावावर वर्षाला ७ टक्के कर लावायची तरतूद कायद्यात आहे, पण कितीतरी कौन्सिलांनी वर्षानुवर्षं तो वसूलच केला नाही.

या सगळ्यात रस्त्यावर दिवे लावले ते बाहेरून आलेल्यांनी. शेजारच्या बॅलीहॉनिसमध्ये मांसाच्या कारखान्यामुळे आलेली कुटुंबं स्थायिक झाली. २०१६ च्या जनगणनेत तिथल्या दर दहा रहिवाशांमागे सुमारे चार जण परदेशी नागरिक होते. तूरडाळ आणि कढीपत्त्याला मी अशाच बाहेरून आलेल्या एका कुटुंबाच्या दुकानात जाते. बॅलाहडेरीनमध्येही २०१७ पासून सीरियातली निर्वासित कुटुंबं आली आणि गावाने त्यांना आपलंसं केलं. नव्या माणसाला गावाबाहेर बंगला परवडत नाही. त्याला दुकान, शाळा आणि बस चालत जाण्याएवढ्या जवळ लागतात, म्हणजे त्याला मेन स्ट्रीटच हवी असते. म्हणून माझं मत असं की फरसबंदी, कुंड्या आणि बाकांवर पैसा घालण्याआधी तो त्या वेगळ्या दारावर आणि जिन्यावर घालावा, आणि तोही कामाच्या सुरुवातीलाच द्यावा. वर दहा-वीस बिऱ्हाडं आली की खाली निदान एक पावाचं दुकान नक्की चालेल.