अलीकडे तुम्ही वेगवेगळ्या प्रकारांतले कोणते चित्रपट पाहिलेत आणि ते कसे वाटले?

गेल्या दोन महिन्यांत बरंच पाहिलं, पण लिहावंसं वाटतंय ते चारांबद्दलच. तुम्ही वेगवेगळ्या प्रकारांतले विचारलेत, म्हणून एक युद्धकाळातला, एक भयपट, एक कोर्टातला आणि एक ॲनिमेशनपट घेते. चारही हेडफोन लावून पाहिले आणि चारही आधी कानांनी मनात शिरले.

सगळ्यात खोल गेला तो जोनाथन ग्लेझरचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३). सुरुवातीला नाव हळूहळू विरघळतं आणि पडदा काळाच राहतो, बराच वेळ. नुसता आवाज. तेव्हाच कळतं की इथे डोळ्यांवर भिस्त ठेवून चालणार नाही. नाझींच्या आउशवित्झ छळछावणीचा कमांडंट रुडॉल्फ होएस छावणीच्या भिंतीला लागूनच बायकामुलांसह राहतो. बाग फुललेली आहे, मुलं पोहताहेत. भिंतीपलीकडच्या हत्या चित्रपट दाखवत नाही, तो त्या ऐकवतो. गोळ्या, कुत्री, किंकाळ्या आणि या सगळ्याखाली भट्ट्यांची न थांबणारी घरघर. त्याला ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते अगदी योग्यच झालं.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. होएसची बायको हेडविग कैद्यांकडून आलेला फरकोट आरशासमोर घालून बघते. खिशात हात घालते तर लिपस्टिक सापडते, कुणीतरी वापरलेली. ती शांतपणे ओठांना लावून बघते. बस्स, एवढंच. ना संगीत, ना रडारड. ती लिपस्टिक कुणाची, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटतच नाही आणि मला मात्र तिथे थांबवून पाणी प्यावं लागलं. पुढे पाहुणी म्हणून आलेली हेडविगची आई रात्री खिडकीतून धुराड्यांचा लाल उजेड बघते आणि कुणाला न सांगता निघून जाते. तिची चिठ्ठी मुलगी वाचते आणि जाळून टाकते. सांड्रा ह्युलरने साकारलेली हेडविग मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही खलनायकापेक्षा भीतिदायक वाटली.

'अ क्वाएट प्लेस' (२०१८) पुन्हा पाहिला. आवाजावर झडप घालणारे प्राणी आणि म्हणून मुकाट जगणारं एक कुटुंब, एवढीच कल्पना. जिन्यात वर आलेला तो खिळा! गोणी अडकून तो उभा राहतो आणि पुढे अनवाणी पाय त्यावर पडेपर्यंत आपण नुसती वाट बघतो. मोठी मुलगी बहिरी आहे आणि ती भूमिका करणारी मिलिसंट सिमंड्स स्वतःही बहिरी आहे. कथा तिच्या बाजूने दिसते तेव्हा आवाज पार बंद होतो. तेवढे क्षण अस्सल आहेत. माझी तक्रार पार्श्वसंगीताबद्दल आहे. शांतता हाच ज्याचा जीव, त्यात आता घाबरा, आता रडा असं संगीताने सांगत राहावं हे मला अजिबात पटलं नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' मी उशिराच पाहिला. एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केलं, असा वृद्ध शाहिरावर खटला. कोर्टाच्या चित्रपटात आपल्याला टाळ्या घेणाऱ्या संवादांची सवय असते. इथे सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात, न थांबता वाचत जातात आणि कॅमेरा लांब स्थिर उभा असतो. त्या सपाट वाचनात एका माणसाचं आयुष्य चाललंय हे लक्षात आलं की घसा कोरडा पडतो. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींचं काम त्यांच्या आवाजासाठी पाहा.

शेवटी 'फ्लो' (२०२४), लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा. पुरात नावेवर चढलेलं मांजर आणि त्याचे सोबती, माणूस एकही नाही, संवाद शून्य. प्राणी माणसांसारखे बोलत नाहीत, मांजर मांजरासारखंच गुरगुरतं. तरीही कोण रागावलंय, कोण बिथरलंय हे प्रत्येक वेळी कळतं. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर तो बनला आणि ऑस्कर घेऊन गेला, याचा मला मनापासून आनंद झाला. मुलांबरोबर बघायचा असेल तर चारांतला हाच.

आणि एक विनंती. 'झोन ऑफ इंटरेस्ट' मोबाईलच्या स्पीकरवर बघू नका. भिंतीपलीकडचं काहीच ऐकू येणार नाही, फक्त बाग दिसत राहील.