आधी जुन्या फोटोंना विचारा, मग कॅमेरा घ्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: दहा वर्षं खिशात वागवलेला छोटा कॅमेरा आता सुरू केला की लेन्स अर्धवट बाहेर काढतो, करकरतो आणि 'लेन्स एरर' दाखवून मान टाकतो. दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही. काम साधंच आहे: घरातली मुलं, सहली, संध्याकाळी दिव्याखालचे फोटो, कधीतरी एखादा पक्षी. हात आखडता आहे. एकाने डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) सुचवला, दुसऱ्याने चाळीस पट झूमवाला, आणि तिसरा म्हणतो फोन असताना कॅमेरा हवाच कशाला.

या तिघांचं ऐकण्याआधी जुन्या कॅमेऱ्याचे शेवटचे तीन-चारशे फोटो संगणकावर उघडा. प्रत्येक फाइलच्या पोटात 'एक्झिफ' नावाची नोंद असते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलात की फोकल लेंग्थ (झूम किती होता; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं), शटर स्पीड (लेन्समधून उजेड किती वेळ आत घेतला) आणि आयएसओ (उजेड किती वाढवून दाखवला) हे तीन आकडे तिथेच दिसतात. वहीत तीन रकाने पाडा आणि नुसत्या रेघा ओढत जा. अर्ध्या तासाचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण कोणत्याही परीक्षणापेक्षा जास्त शिकवून जातं. एक लक्षात ठेवा, छोट्या कॅमेऱ्यात फोकल लेंग्थ ४.५ मिमी अशी काहीतरी विचित्र दिसेल. ती लेन्सची खरी फोकल लेंग्थ असते. जाहिरातीतले २५ मिमी वगैरे आकडे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशोबाने दिलेले असतात.

मला हे शहाणपण उशिरा आलं. मागचा कॅमेरा बदलताना मी हौसेने तीस पट झूमवाला घेतला होता. दीड वर्षाने मोजदाद केली तेव्हा दोन हजारांवर फोटोंमध्ये झूम शेवटच्या टोकाला नेलेले निघाले एकोणीस, आणि त्यातले चौदा चंद्राचे! चंद्र तर सगळे सारखेच. उरलेल्यातले निम्म्याहून जास्त घरात काढलेले, झूम न वापरता, आयएसओ ८०० किंवा वर, शटर १/१५ सेकंदाच्या आसपास. म्हणजे मला लांबचं दिसायला हवं होतं हा माझा भ्रम होता. मला हवा होता उजेड.

तुमच्या वहीतही हेच निघेल असा माझा अंदाज आहे. मग पाहायच्या गोष्टी दोनच, सेन्सर (फोटो टिपणारी चिप) केवढा आणि लेन्स किती उघडते. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांत बहुतेक १/२.३ इंची सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, करंगळीच्या नखाहून लहान. '१ इंची' म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट. (त्यात कुठेच इंचभर काही नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजायची पद्धत होती, तेच माप आजही चिकटून राहिलंय.) लेन्सची उघडझाप तिच्या कडेवरच छापलेली असते, उदाहरणार्थ १:१.८-४.९. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूमवर. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. हेच आकडे एफ/१.८, एफ/४.९ असेही लिहितात.

याचा प्रत्यक्ष फरक किती पडतो ते बघा. दिव्याखाली बसलेल्या मुलीचा फोटो जुन्या कॅमेऱ्याने एफ/३.३ आणि १/१५ सेकंदावर काढला असेल, तर त्याच आयएसओवर एफ/१.८ ची लेन्स तोच फोटो सुमारे १/५० सेकंदात काढते. सेन्सर चौपट मोठा असल्यामुळे आयएसओ चौपट केला तरी फोटोत रवा (दाणेदारपणा) जुन्याइतकाच राहतो, म्हणजे शटर १/२०० पर्यंत जातं. १/१५ ला मुलीने मान वळवली की चेहऱ्याचा लगदा होतो, १/२०० ला डोळे जागेवर असतात. स्टॅबिलायझर इथे उपयोगाचा नाही. तो तुमच्या हाताचा थरकाप सांभाळतो, मुलीची मान सांभाळत नाही.

मेगापिक्सेलचं एका वाक्यात सांगतो: ४के टीव्हीचा पडदा जेमतेम ८.३ मेगापिक्सेलचा असतो आणि १२ मेगापिक्सेलमधून १३ बाय १० इंची उत्तम छपाई निघते, तेव्हा त्या आकड्यावर पैसे उधळू नका.

आता नवा की वापरलेला? स्वस्त छोटे कॅमेरे मोठ्या कंपन्यांनी जवळपास सोडूनच दिलेत. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, २०२३ मध्ये ८० लाखांच्याही आत. ती जागा फोनने खाल्ली. म्हणून आज कमी किमतीत 'नवा कोरा, ४८ मेगापिक्सेल, १६ पट डिजिटल झूम' अशी जी जाहिरात दिसते, तिच्या आत बहुतेक वेळा फोनमधल्यापेक्षाही हलका सेन्सर असतो आणि ४८ हा आकडा फुगवलेला असतो. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून ताणणं, ते घरी बसूनही करता येतं. ही खेळणी आहेत. त्यापेक्षा जुन्या पिढीतला चांगला कॅमेरा वापरलेला घ्या.

माझं मत विचाराल तर पहिलं नाव सोनी आरएक्स१००, अगदी पहिला, २०१२ चा. १ इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, २८ ते १०० मिमी झूम, वजन पाव किलोच्या आत. पूर्ण झूमवर लेन्स एफ/४.९ पर्यंत मिटते आणि पडदा हलत नाही, हे त्याचे दोष. तिसरी आवृत्ती २०१४ ची. तिची लेन्स एफ/१.८-२.८ आहे, पडदा वळतो, वर उचलून डोळ्याला लावायचा छोटा व्ह्यूफाइंडरही आहे. मात्र झूम ७० मिमीपर्यंतच. या मालिकेत पहिल्यापासून सातव्यापर्यंत एकच बॅटरी चालते, एनपी-बीएक्स१, त्यामुळे जुन्या मॉडेलचीही बॅटरी मिळत नाही असं होत नाही. आणि एक गंमत सांगतो. आरएक्स१०० चा फ्लॅश उघडला की बोटाने हळूच मागे कलवून छताकडे रोखता येतो. छत पांढरं असेल तर उजेड वरून मऊ उतरतो आणि पाठीमागच्या भिंतीवरची काळी सावली जाते. घरातल्या फोटोंचं रूप यानेच बदलतं.

कॅननचा जी७ एक्स हाही त्याच तोडीचा. २०१४ चा, २४ ते १०० मिमी, एफ/१.८-२.८, म्हणजे झूम केल्यावरही उजेड फारसा कमी होत नाही. पण सोशल मीडियाच्या कृपेने ही मालिका अचानक फॅशनमध्ये आली आणि जुन्यालाही भाव चढले. रास्त मिळाला तर जरूर घ्या, नावासाठी जादा मोजू नका. 'जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग' (सीसीडी म्हणजे सेन्सरचा एक जुना प्रकार) म्हणून जे खपवतात त्याचंही तेच. पक्ष्यांची हौस वहीत खरोखर दिसली, तर पॅनासॉनिक टीझेड१०० बघा. काही देशांत तो झेडएस१०० नावाने विकला गेला. १ इंची सेन्सर आणि २५ ते २५० मिमी, पण लेन्स एफ/२.८ पासून सुरू होते, म्हणजे घरातल्या उजेडात थोडी तडजोड आहे. आणि बजेट याहून खाली असेल तर पॅनासॉनिकचाच एलएक्स७. सेन्सर छोटा, पण लेन्स एफ/१.४ पर्यंत उघडते, त्यामुळे बरीच भरपाई होते.

डीएसएलआर सुचवणारे चूक नाहीत. वापरलेली बॉडी आणि १८-५५ ची लेन्स स्वस्तात मिळते, सेन्सर १ इंचीच्या तिप्पट, बटण दाबताक्षणी फोटो. पण लेन्ससकट ऐवज अर्ध्या किलोच्या पुढे जातो आणि ती लेन्स एफ/३.५ पासून सुरू होत असल्याने मोठ्या सेन्सरचा बराच फायदा तिथेच खर्ची पडतो. मग आणखी एक लेन्स हवी, मग पिशवी हवी, मग पिशवी कपाटात. तुम्ही दहा वर्षं खिशात कॅमेरा ठेवणारा माणूस आहात, ही सवय मोडू नका. फोनवाल्याचंही अर्धं खरं आहे. भर दिवसा, कागदपत्रांसाठी, स्थिर दृश्यांसाठी फोन पुरतो. कमी उजेडात मात्र फोन अनेक फ्रेम एकत्र शिवतो आणि धावतं मूल त्या शिवणीत विरघळतं. शिवाय कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश डोळ्याचं पातं लवायच्या आत चमकून विझतो, म्हणून उडी हवेत गोठते. फोनचा एलईडी ही नुसती विजेरी आहे.

वापरलेला घेताना मात्र घाई नको. मी एकदा ठेचाळलोय. विकणाऱ्याने पाठवलेले सगळे फोटो घरातले होते, छान होते. पहिल्याच सहलीत निळ्या आकाशात पाच राखाडी ठिपके, प्रत्येक फोटोत त्याच जागी. सेन्सरवर धूळ. लेन्स निघणाऱ्या कॅमेऱ्यात ती फुंकून काढता येते, खिशातल्या कॅमेऱ्यात सगळा उघडावा लागतो. तेव्हापासून मी आधी ॲपर्चर मोडवर (लेन्स किती उघडायची ते आपण ठरवतो त्या मोडवर) जाऊन लेन्स जास्तीत जास्त मिटवतो (तिथला सर्वात मोठा आकडा), पूर्ण झूम करतो आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतो. ठिपके असतील तर तिथेच उघडे पडतात. नंतर कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करतो, कानाशी धरून. लेन्स एका लयीत बाहेर यायला हवी. मध्ये अडखळली किंवा वाळू दळल्यासारखा आवाज आला तर नमस्कार करून निघायचं, कारण तुमच्या जुन्या कॅमेऱ्याचा आजार तोच आहे. बाहेर आलेल्या लेन्समध्ये तिरपी विजेरी मारा. धुळीचे दोन-चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी, ती नको. भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवून समोरून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून वाचा. तीन कोपऱ्यांतली अक्षरं सुबक आणि एका कोपऱ्यातली फुसकट असतील, तर तो कॅमेरा कधीतरी पडलेला आहे, विकणारा काहीही म्हणो. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा, फिरकीसारखी डुलली तर फुगलीय. तळाच्या स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या दिसल्या तर कोणी उघडला होता ते विचारा.

स्वतःचं मेमरी कार्ड बरोबर न्या. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी, ३२ पर्यंत एसडीएचसी, त्यापुढचं एसडीएक्ससी. खूप जुने कॅमेरे ६४ जीबीचं कार्ड ओळखतच नाहीत. ज्यात एक्सडी कार्ड (मेमरी कार्डचा एक बंद पडलेला प्रकार) लागतं तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आणि जुना कॅमेरा फेकायच्या आधी एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करून बघा. अशक्त बॅटरीनेही लेन्स मध्येच अडकते. त्याने भागलं नाही तर लेन्सचं तोंड जमिनीकडे धरा आणि नळ्यांच्या फटीत रबरी ब्लोअरने चारी बाजूंनी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. माझा एक असाच दोन दाणे वाळू ओकून पुन्हा चालू झाला आणि आता धाकट्याच्या हातात आहे. नाहीच झाला, तर खणात टाकताना आतली बॅटरी तेवढी काढून ठेवा.