अझोलमधला झोल

ऐरोलीच्या एका वाचकताईंनी विचारलंय : "सासऱ्यांना पित्तावर ओमेप्राझोल, यांना नायट्यावर फ्लुकोनाझोल, मला जुलाबावर मेट्रोनिडाझोल. सगळ्यांच्या शेवटी 'झोल'. ही एकाच जातीची औषधं का? आणि मेथेनॉलमधला 'ऑल' तो हाच का?"

दुसरं आधी, कारण ते सोपं. नाही. मेथेनॉलचा 'ऑल' अल्कोहोलातून आला, औषधांमधला 'ओल' पायरोल नावाच्या संयुगातून. इंग्रजी स्पेलिंगात फरक शेवटच्या एका मुक्या अक्षराचा. आपण मात्र एकीकडे 'ऑ' आणि दुसरीकडे 'ओ' लिहून काम सोपं केलंय. (अल्कोहोल तेवढं 'ओ'नेच लिहितो. असो.)

आता 'अझ', कारण 'झोल' म्हणजे खरं तर 'अझ' अधिक 'ओल', 'अझोल'. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेच्या मंडळींनी नायट्रोजनला 'अझोत' म्हटलं. ग्रीकात अर्थ 'निर्जीव', कारण नुसत्या त्या वायूत प्राणी गुदमरतो. नत्राची पोती शेतात टाकणाऱ्याला हे नाव पटायचं नाही, पण ते टिकलं. पुढे हांच (१८८७) आणि विडमन (१८८८) या रसायनशास्त्रज्ञांनी वलयांना, म्हणजे अणूंच्या बंद कड्यांना (रिंगांना), नावं देण्याची रीत बसवली : 'अझ' म्हणजे नायट्रोजन, 'ओल' म्हणजे पाच अणूंचं वलय, 'एपिन' म्हणजे सात अणूंचं. डायझेपाम फोडून बघा : 'डाय' दोन, 'अझ' नायट्रोजन, 'एप' सात.

म्हणजे 'अझोल' वलयाची घडण सांगतं, औषधाचं काम नाही. मेट्रोनिडाझोलमध्ये दोन नायट्रोजनचं इमिडाझोल आहे, फ्लुकोनाझोलमध्ये तीन-तीन नायट्रोजनची दोन ट्रायअझोल, ओमेप्राझोलमध्ये बेन्झीनच्या (सहा कार्बनच्या) वलयाला जोडलेलं इमिडाझोल. काम कळतं ते 'झोल'च्या अलीकडच्या अक्षरांवरून : 'कोनाझोल' बुरशीवर, 'प्राझोल' पोटातल्या आम्लावर, 'निडाझोल' अमीबासारख्या जंतूंवर.

ही वलयं जुळवण्याला रबाळे-महाप्याकडच्या कारखान्यांतले केमिस्ट 'रिंग क्लोज करणं' म्हणतात. डेबुस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ग्लायऑक्झल, फॉर्माल्डिहाइड आणि अमोनिया यांपासून इमिडाझोल बनवलं. त्यातले दोन्ही नायट्रोजन अमोनियाचे. ओमेप्राझोलच्या वलयासाठी बेन्झीनवर शेजारी-शेजारी दोन अमाइन (नायट्रोजनवाले) गट असलेलं संयुग घेतात आणि त्या दोघांमध्ये कार्बन डायसल्फाइडमधला एक कार्बन बसवतात. पाच अणू पुरे, वलय बंद. अशा संयुगांतलं सगळ्यांत साधं म्हणजे ऑर्थो-फिनिलीन डायअमाइन. त्याला धंद्यात 'ओपीडी' म्हणतात, तेव्हा कुणी "ओपीडी संपली" म्हणालं तर दवाखान्याची वेळ बघू नका!

'रिंग'ला मी 'वलय' लिहितो. 'चक्र'ही चालतं, पण चक्र म्हटलं की फिरणं आलं आणि इथे फिरत काहीच नाही.

एका नावापासून मात्र सांभाळा : अॅरिपिप्राझोल. मानसिक आजारांवरचं हे औषध शेवटी 'प्राझोल' लावून बसलंय, पण पित्ताशी त्याचा संबंध नाही. त्यातला 'पिप' पायपरझीन या सहा अणूंच्या वलयाचा, आणि अझोलचं वलय तर त्यात शोधूनही सापडत नाही.