आईचे जनुक की भ्रूणाचे?

सांगली

चि. विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणावरील तुझ्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. ‘हे जनुक भ्रूणाला घडवते’ हे तुझे विधान चूक नाही. परंतु जनुक कोणाचे, आईचे की भ्रूणाचे, हा प्रश्न मसुद्यात कुठेच आलेला नाही, आणि तुझ्या निष्कर्षांची सारी मदार त्यावरच आहे.

28.5 अंश सेल्सिअस तापमानाला फलनानंतर सुमारे पाऊण तासात पहिले विभाजन होते, पुढची दर पंधरा मिनिटांनी होत जातात. आणि साधारण तिसऱ्या तासापर्यंत, म्हणजे हजारएक पेशी होईपर्यंत, भ्रूणाची स्वतःची बहुतेक जनुके निद्रिस्तच असतात. तोवरचा कारभार आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर, म्हणजे संदेशवाहक आरएनए (प्रथिने बनवण्याच्या सूचनांच्या नकला) आणि प्रथिने यांवर चालतो. पाठीची बाजू कोणती, हेसुद्धा आईकडून आलेल्या हुलुवा या घटकावर ठरते. भ्रूणाची जनुके जागी करणारी नॅनॉग, पीओयू5एफ3 आणि सॉक्स19बी ही प्रथिनेही मातृदत्तच. आणि जाग्या झालेल्या पहिल्या जनुकांपैकी एमआयआर-430 हे (त्यापासून एक सूक्ष्म आरएनए बनतो) आईचेच पुष्कळसे संदेशवाहक आरएनए नष्ट करू लागते. (कृतघ्नपणा म्हणशील, पण त्यावाचून पुढची वाटचाल होत नाही.)

आता तुझी योजना पाहू. उत्परिवर्तनाची, म्हणजे जनुकातील बिघाडाची, एकच प्रत बाळगणारे नर-मादी तू एकत्र सोडणार आहेस. त्यांच्या पिल्लांपैकी चतुर्थांशांत दोन्ही प्रती सदोष असतील. मात्र आईजवळ एक चांगली प्रत असल्याने त्या पिल्लांच्या अंड्यांतही चांगला आरएनए भरलेला असेल. म्हणून सुरुवातीची वाढ निर्दोष दिसली, तरी ‘या टप्प्यात जनुकाची गरज नाही’ असे लिहू नकोस.

वन-आइड पिनहेड या जनुकाचे उदाहरण मुळातून वाच. ते केवळ भ्रूणात सदोष असले, तर दोन डोळे वेगळे न होता एकत्र येतात आणि इतर काही दोष दिसतात. संशोधकांनी अशा भ्रूणांत चांगला आरएनए टोचून त्यांना प्रौढावस्थेपर्यंत जगवले आणि त्यांच्यापासून संतती घेतली. त्या संततीत, आईचा वाटाही गेल्यामुळे, अंतःस्तर (ज्यातून आतडे वगैरे बनते) आणि डोक्या-धडाचा मध्यस्तर (ज्यातून स्नायू वगैरे बनतात) तयारच झाला नाही. हे स्तर घडवायला सांगणारा नोडल हा संदेश पेशींना या जनुकाशिवाय घेता येत नाही; त्याचे खरे महत्त्व त्या प्रयोगाने उघड झाले.

टप्पा घड्याळावरून नोंदवू नकोस, पेशींची संख्या आणि भ्रूणाचा आकार पाहून नोंदव. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वीज गेली की उष्मायनपेटीचे तापमान स्थिर राहत नाही, आणि तापमानाबरोबर वाढीचा वेगही बदलतो.

सदोष मादी प्रौढ होईपर्यंत जगत असेल, तर तिचा संकर निर्दोष नराशी कर, आणि सदोष नराचा निर्दोष मादीशी. फक्त पहिल्या संकरात दोष दिसला, तर तो आईच्या वाट्याचा आहे, असे तू निःशंकपणे लिहू शकशील. हे दोन्ही संकर घालून मसुदा पुन्हा पाठव.