आंब्याच्या खोडावरची अळिंबी: खावी का?

प्रश्न: शेतातल्या वाळलेल्या आंब्याच्या खोडावर पावसानंतर पांढुरक्या छत्र्यांचे झुबके आलेत. ही धिंगरीच (खायची शिंपला अळिंबी) का? भाजी करावी का? (वाचक, किनवट)

उत्तर: आधी एक छत्री उलटी करून पाहा. धिंगरीची टोपी शिंपल्यासारखी, देठ आखूड आणि बहुधा एका कडेला. टोपीखालच्या पांढऱ्या पापड्या देठावर खालपर्यंत उतरलेल्या दिसतात. देठावर कडे नसते, बुडाशी पिशवी नसते.

मग पापड्यांतून झडणाऱ्या बीजाणूंच्या भुकटीचा ठसा घ्या. टोपी कापून पापड्या खाली करून अर्धी काळ्या, अर्धी पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला. रात्रभरात पडलेला ठसा पांढरा किंवा फिकट जांभळट हवा. तपकिरी पडला तर ती धिंगरी नव्हे. पण पांढऱ्या ठशावर विसंबू नका, काही विषारी जातींचाही ठसा पांढराच असतो. टोपी नारिंगी असेल किंवा अंधारात पापड्या चमकत असतील तर हात लावू नका.

चांदीचं नाणं किंवा लसूण काळा पडतो का, ही परीक्षा साफ खोटी आहे. शिजवल्यानेही सगळी विषं जात नाहीत. खोडाच्या तुकड्यासह ताजा झुबका कागदी पिशवीत घालून परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. प्लास्टिकमध्ये तो घामेजून सडतो. तोवर भाजी नको.