स्कायरिम या व्हिडिओ गेमच्या जगात जादू नेमकी येते कुठून? कोणती फॅन थिअरी पटण्यासारखी आहे?

गेममधल्या पुस्तकांपुरतं बोलायचं तर उत्तर सरळ आहे. जग घडवताना आराखडा मॅग्नस या देवाचा होता. यात आपली शक्ती जाते हे कळताच त्याने काढता पाय घेतला. जाताना आकाशाला पडलेलं भगदाड म्हणजे सूर्य, त्याच्या मागोमाग पळालेल्यांची छिद्रं म्हणजे तारे. पलीकडच्या एथेरिअस या जादूच्या लोकातून मॅजिका, म्हणजे जादूची ऊर्जा, झिरपते ती तिथूनच.

फॅन्सची आवडती थिअरी वेगळी: सगळं जग हे कुणा झोपलेल्याचं स्वप्न, आणि जादू म्हणजे स्वप्नात राहून स्वप्नच वाकवणं. याच मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंड (२००२) या गेममधल्या विवेक नावाच्या देवाच्या प्रवचनांत तसे इशारे आहेत, पण बराचसा मालमसाला लेखक मायकल कर्कब्राइडच्या गेमबाहेरच्या लिखाणातला आहे. वाचायला भन्नाट, पुरावा म्हणून लंगडी.

मला खटकतो तो ड्रॅगनचा आवाज, म्हणजे थू'उम: ड्रॅगनच्या भाषेतले शब्द ओरडून केलेली जादू. 'फुस रो दाह' ओरडा, मॅजिका दाखवणारी निळी पट्टी तसूभरही हलत नाही! म्हणजे थू'उमचा सूर्याशी संबंधच नाही. म्हणून जादूचे उगम दोन, ही थिअरी मला जास्त पटते. बाकी खोल गुहेत, जिथे ऊन पोचतच नाही, तिथेही मॅजिका भरतेच; ती गेमप्लेची सोय समजून सोडून द्या.