सेकंदाच्या लाखाव्या भागातला पुरावा

प्रश्न : सर, हायड्रोजन 254 नॅनोमीटरचा प्रकाश शोषत नाही. पण सोबत पाऱ्याची वाफ असली की तोच प्रकाश हायड्रोजनचे रेणू फोडतो. मधले उत्तेजित, म्हणजे प्रकाशाची जादा ऊर्जा घेतलेले पाऱ्याचे अणू तर लगेच संपतात. मग ते असतात, हे कशावरून ठरवलं?
– टी.वाय.बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, चोपडा

उत्तर : मुलं अभिक्रियेच्या पायऱ्या पाठ करतात, पुरावा मागत नाहीत. तू मागितलास, फार बरं वाटलं.

आधी हिशेब. 253.7 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक प्रचंड संख्या) 471 किलोज्यूल असतात. हायड्रोजनचा बंध 436 ला तुटतो. प्रकाश घेतो पारा आणि धडकेत ती ऊर्जा हायड्रोजनला देतो. कारिओ आणि फ्रँक यांनी हे 1922 मध्येच दाखवलं. नळीत पाऱ्याचा एक थेंब पुरतो. आपल्या जळगावच्या मे महिन्यात तर वाफ हिवाळ्याच्या कैकपट होते. पण धडक मिळाली नाही, तर पाऱ्याचा हा उत्तेजित अणू सुमारे 120 नॅनोसेकंदांत प्रकाश टाकून मोकळा होतो.

त्याला गाठायची युक्ती 1949 मध्ये केंब्रिजच्या नॉरिश आणि पोर्टर यांनी काढली. कपॅसिटर (वीज साठवणारं साधन) भारून प्रकाशाचा एक जबरदस्त झोत सोडायचा, म्हणजे सगळे क्षणजीवी कण एकदमच तयार होतात. मग ठरावीक मायक्रोसेकंदांनी दुसरा, सौम्य झोत नळीतून स्पेक्ट्रोग्राफमध्ये, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांचा फोटो घेणाऱ्या यंत्रात, पाठवायचा. दोन झोतांमधलं वेळेचं अंतर बदलत फोटोची एकेक प्लेट घेत जायची. 1967 च्या नोबेलमध्ये आयगेन यांच्यासह हे दोघे होते.

पाऱ्यासाठी हे काम कॅलिअर आणि नॉरिश यांनी केलं, आणि मला सगळ्यात आवडतं ते हेच. नायट्रोजन उत्तेजित पाऱ्याची थोडीच ऊर्जा काढून घेतो. अणू जरा खालच्या पातळीवर येतो, तिथून त्याला प्रकाश टाकून सहज सुटता येत नाही, म्हणून तो रेंगाळतो. हा रेंगाळणारा अणू 404.7 नॅनोमीटर शोषतो. साधा पारा ते शोषतच नाही. नेगेटिव्ह प्लेटवरच्या काळ्या पट्टीत नेमकी तिथे बारीक फिकट रेघ उमटते. अंतर वाढवलं की पुढच्या प्लेटांवर ती पुसट होत जाते. तुझ्या ‘कशावरून’चं उत्तर ती रेघ आहे, आणि अणू किती टिकला तेही तिच्यावरूनच मोजतात.

घरी जुनी ट्यूबलाइट असेल, तर तिच्या उजेडात सीडी तिरपी धर. 435.8 ची ठळक निळी रेघ दिसेल, तिच्या पलीकडे 404.7 ची मंद जांभळी. ही जांभळी रेघ टाकणारा अणू त्याच रेंगाळणाऱ्या पातळीवर उतरलेला असतो. पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधली यूव्हीची नळी मात्र उघडून बघू नकोस, तिच्यातून 253.7 थेट बाहेर येतो आणि डोळ्यांना इजा करतो.